इंटेलवर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्राम एआरएमवर का पडत होता : सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातलं एक प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यातलं हे प्रकरण आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय, कारण असे प्रकार आता जागोजागी होणार असं मला दिसतंय. लोक वीज वाचवायला, जागा वाचवायला छोट्या एआरएम बोर्डांवर (मोबाइलमध्ये असते त्या जातीची चिप, इंटेलपेक्षा वेगळी) सर्व्हर हलवतायत आणि सी भाषेतला जुना कोड जसाच्या तसा त्याच्यावर नेऊन टाकतायत.

सेटअप असा. प्रत्येक रेपियर लूमवर (विणायच्या यंत्रावर) एक काउंटर बसवलाय, तो पिक, म्हणजे बाण्याचा (आडव्या धाग्याचा) एकेक फेरा, मोजतो आणि लूम थांबला तर कारण पाठवतो, ताणा तुटला, बाणा तुटला, कारागीर जेवायला गेला, जे असेल ते. ऑफिसमधल्या सर्व्हरवर एक कलेक्टर प्रोग्राम चालतो, तो सगळ्या काउंटरांचा डेटा लॅनवरून घेतो आणि रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये टाकतो, तिथून स्क्रीनवर रिपोर्ट येतो आणि आठवड्याला मजुरीचा तक्ता निघतो. हा मजुरीचा भाग लक्षात ठेवा. इथे कारागिराला पगार नाही, जेवढं विणलं तेवढे पैसे, त्यामुळे कलेक्टर पाच मिनिटं पडला तर त्या पाच मिनिटांचं काम कुणाच्या तरी हिशेबातून जातं.

आधी हे सगळं एका जुन्या इंटेल डेस्कटॉपवर होतं आणि बरीच वर्षं नीट चाललं. मग त्याचा मदरबोर्ड गेला. मालकांनी कुठंतरी बघितलं होतं की छोटा बोर्ड घेतला तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालतो, आणि ते खरंच आहे, म्हणून रास्पबेरी पाय ५ हा एआरएम बोर्ड आणला. चिपमध्ये चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) कॉर्टेक्स-ए७६ जातीचे, २.४ गिगाहर्ट्झ, एवढ्या कामाला भरपूर. ज्यांनी कलेक्टर लिहिला होता त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तोच सोर्स (लिहिलेला कोड) एआरएमसाठी कंपाइल करून, म्हणजे त्या चिपला चालेल अशा बायनरी फाइलमध्ये बदलून, पाठवला. कंपाइल झालं म्हणजे चालेल असं सगळ्यांनी धरलं. मला फोन आला तो, "दादा, सारखं बंद पडायलंय हो, जरा येऊन बघून जावा" असा.

गेल्यावर कळलं की एकाच नावाखाली तीन वेगवेगळे आजार आहेत. फोनवर सगळ्याला "क्रॅश" म्हणतात, पण सिग्नल (प्रोग्राम बंद पडताना लिनक्स देतं तो कारणाचा नंबर) बघितल्याशिवाय त्यातलं काहीच कळत नाही. सिग्नल ४ आला तर चिपमध्ये नसलेली इन्स्ट्रक्शन चालवायचा प्रयत्न झालाय, उदाहरणार्थ मोंगोडीबी ह्या डेटाबेसच्या ५.० पासून पुढच्या तयार बायनरीला एआरएमची ८.२ आवृत्ती लागते आणि पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ हा ८.० आहे, म्हणून तिथे ती सुरू होतानाच पडते. सिग्नल ७ म्हणजे बस एरर, त्यात बऱ्याचदा मेमरीचा पत्ता नीट अलाइन नसतो, म्हणजे ठरावीक पटीत बसत नाही, स्पार्कसारख्या कडक चिपवर हे हमखास दिसतं. ११ म्हणजे नको तिथल्या मेमरीला हात लागला. ६ म्हणजे प्रोग्रामने किंवा लायब्ररीने स्वतःच ओरडून थांबवलं. आमच्या लॉगमध्ये ६ आणि ११ दोन्ही होते, मिसळलेले, आणि सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणारी व्यवस्था) प्रत्येक वेळी गुपचूप रीस्टार्ट करत होतं म्हणून स्क्रीनवर बघणाऱ्याला फक्त "मधेच आकडे गायब" एवढंच दिसायचं.

पहिला आजार रेडिसचा होता, तो लवकर संपला. रेडिस सुरूच होत नव्हतं, लॉगमध्ये एकच ओळ, जेईमॅलॉक (रेडिसला मेमरी वाटून देणारी लायब्ररी) म्हणतंय अनसपोर्टेड सिस्टम पेज साइज, म्हणजे पेजचं हे माप चालत नाही. पाय ५ वरचा डिफॉल्ट लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) १६ केबीची पेज, म्हणजे मेमरीचे तुकडे, वापरतो, आणि त्यांनी दिलेली रेडिसची बायनरी ४ केबी धरून बांधलेली. इंटेलवर पेज ४ केबीचंच, त्यामुळे तिथे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. एआरएम ६४ बिटवर ४, १६ आणि ६४ केबी असे तीन पर्याय आहेत, रेडहॅट लिनक्सने आवृत्ती ८ पर्यंत एआरएमवर ६४ केबी ठेवलं होतं आणि ९ मध्ये ४ वर आणलं. तात्पुरतं म्हणून बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून ४ केबीचा कर्नल लावला म्हणजे काम थांबायला नको, आणि नंतर निवांत जेईमॅलॉक ६४ केबी पेज धरून परत बांधलं. मोठ्या पेजसाठी बांधलेलं छोट्या पेजच्या कर्नलवर चालतं, उलटं चालत नाही. म्हणून बायनरी वाटणाऱ्याने मोठंच धरून बांधावं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आजार कलेक्टर सुरू होताना यायचा, पण फक्त लूमची यादी असलेली फाइल वाचताना, सिग्नल ११. जीडीबीत (प्रोग्राम आतून तपासायचं साधन) बघितलं तर बफरचा, म्हणजे वाचलेलं ठेवायच्या जागेचा, इंडेक्स फाइलच्या साइझच्या कितीतरी पुढे गेलेला आणि बफरमध्ये शेवटच्या ओळीनंतर ओळीने २५५, २५५, २५५. हे दिसलं की उत्तर जवळपास मिळालंच. कोडमध्ये एकेक अक्षर वाचून कॅर टाइपच्या (एका बाइटच्या) व्हेरिएबलमध्ये ठेवत होते आणि फाइल संपल्याची खूण, जी उणे १ असते, तिच्याशी तुलना करत होते. इंटेलच्या लिनक्सवर साधा कॅर हा साइन्ड, म्हणजे उणे आकडेही ठेवणारा, असतो, उणे १ त्यात राहतो. एआरएम, पॉवर आणि रिस्क-व्ही या तिन्ही जातींच्या चिपांच्या लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड (उणे आकडे न ठेवणारा) असतो, म्हणून उणे १ चं २५५ होतं, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप अॅरेच्या बाहेर लिहीत सुटतो. ॲपलच्या एआरएम मॅकवर मात्र कॅर साइन्डच ठेवलाय, म्हणजे मॅकवर टेस्ट करून "एआरएमवर चालतंय" म्हणणाऱ्याला हा बग सापडणार नाही. व्हेरिएबल इंट (मोठ्या, उणे आकडेही ठेवणाऱ्या टाइपचं) केलं, संपलं. जीसीसी कंपायलरला जादा वॉर्निंग चालू करून दिल्या असत्या तर तुलना नेहमीच खरी ठरते असं त्याने स्वतःहून सांगितलं असतं.

आता खरा आजार. एवढं झाल्यावरही कलेक्टर दिवसातून कधीही पडायचा. कधी सकाळी, कधी रात्रपाळीत. रीस्टार्टनंतर लगेच पडला तर बहुतेक ११, खूप वेळ चालून पडला तर ६, आणि ६ बरोबर जीलिबसीचा (सीच्या मूळ लायब्ररीचा) मेसेज, डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा मोकळी करणं, सापडलं म्हणून.

कारखान्यात सगळ्यांचं मत ठरलेलं होतं. मास्तर म्हणाले, "अहो एवढं ऊन, माणसं पडायलेत, त्या डबीचं काय घेऊन बसलाव!" सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखालचं ऑफिस, त्यामुळे शंका वाजवी होती आणि ती तपासायलाच पाहिजे. पायवर थ्रॉटलिंगची स्थिती विचारता येते, त्यात बूट झाल्यापासून व्होल्टेज कमी पडलं होतं का, तापल्यामुळे वेग कमी केला होता का, याचे वेगळे बिट असतात. बघितलं तर व्होल्टेज कमी पडल्याचा बिट खरंच लागलेला. कुणीतरी मोबाइलचा चार्जर लावला होता, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो. योग्य अॅडॉप्टर लावला, पंखा बसवला, परत बघितलं तर सगळे बिट शून्य. क्रॅश चालूच. दुसरा नवा बोर्ड लावून बघितला, तिथेही तेच. म्हणजे विजेचा दोष खरा होता पण ह्या क्रॅशशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि मला वाटतं अशा ठिकाणीच लोक थांबतात, एक दोष सापडला की तोच कारण असं धरून बसतात.

मग कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम पडला त्या क्षणीच्या त्याच्या मेमरीच्या फाइली, चालू केले. पायवर ते आपोआप साठत नाहीत, सिस्टमडीचं कोअर डंपवालं पॅकेज टाकावं लागलं आणि साठवायची जागा मेमरी कार्डावर न ठेवता एसएसडीवर नेली. सॉफ्टवेअरवाल्यांकडून त्याच बिल्डची डीबग सिंबॉल (फंक्शनची नावं, ओळ नंबर) असलेली बायनरी मागवली. त्याच बिल्डची म्हणजे बिल्ड आयडी जुळवून बघितला, नाहीतर बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे जात पडला ती यादी) काहीच्या काही दिसतो आणि माणूस भलत्या फंक्शनमागे लागतो.

पहिला कोअर डंप उघडला. प्रोग्राममध्ये दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं) आहेत, एक नेटवर्कवरून रेकॉर्ड घेऊन गोल फिरणाऱ्या क्यूमध्ये (रांगेत) त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ठेवतो आणि हेड नावाचा आकडा एकने वाढवतो, दुसरा हेड वाढलाय का बघत बसतो, वाढला की त्या खणातला पॉइंटर उचलतो, रेडिसला पाठवतो आणि मेमरी मोकळी करतो. दुसरा थ्रेड पडला होता, पत्ता १६, म्हणजे नल (रिकाम्या, शून्य) पॉइंटरच्या १६ बाइट पुढचं फील्ड वाचायला गेला. इथपर्यंत साधी गोष्ट, खण रिकामा होता म्हणायचं. पण जीडीबीत तोच खण छापून बघितला तर त्यात चांगला पॉइंटर होता! रेकॉर्डही नीट, लूम नंबर बरोबर, पिक बरोबर. चिपच्या रजिस्टरमध्ये (वाचलेली किंमत ठेवायची जागा) मात्र शून्य. ज्या जागेवरून हे शून्य वाचलं त्या जागेवर शून्य नाही. दुसरा कोअर डंप, तिसरा कोअर डंप, प्रत्येकात हेच, रजिस्टरमध्ये जुनी किंमत आणि मेमरीत नवी.

माझ्या दृष्टीने सगळा तपास इथे फिरला. मेमरी खराब असती तर खणात कचरा दिसला असता. साधी ओव्हररायटिंग असती तर खणच बिघडलेला असता. वाचणाऱ्याच्या हातात जुनं आणि जागेवर नवं, याचा अर्थ वाचणारा लवकर पोचला, किंवा लिहिलेलं उशिरा दिसलं.

इंटेल आणि एएमडीच्या चिपवर नियम कडक आहे. एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने दुसऱ्या कोअरला दिसतं, आणि वाचनंही आपापसात जागा बदलत नाहीत, फक्त आधीचं लिहिणं पुढच्या वाचनामागे पडू शकतं. एआरएम, पॉवर, रिस्क-व्ही इथे ही हमी नाही. वेगळ्या पत्त्यांवरची दोन लिहिणी दुसऱ्या कोअरला उलट्या क्रमाने दिसू शकतात, आणि वाचणारा कोअर "हेड वाढलाय का" याचं उत्तर यायच्या आतच अंदाजाने पुढचा खण वाचून ठेवतो, नंतर उत्तर "हो" आलं की तीच जुनी किंमत वापरतो. मधे इफ आहे, लूप आहे म्हणून वाचनं क्रमाने होतील असं धरता येत नाही. गोडाऊनमध्ये गठ्ठा रॅकवर लागायच्या आधीच वहीत "माल लावला" अशी नोंद व्हावी आणि नोंद बघून गेलेल्या हमालाला रॅक मोकळा दिसावा, तसं हे. कोडमध्ये हेडला व्होलाटाइल लावलं होतं. पुष्कळ जुन्या कोडमध्ये असतं. पण व्होलाटाइल फक्त कंपायलरला सांगतं की हे वाचन गाळू नको, चिपला त्यातलं काही कळत नाही.

आता दोन सिग्नलांचं कोडंही सुटलं. क्यूचे सगळे खण सुरुवातीला शून्य असतात, म्हणून रीस्टार्टनंतरच्या पहिल्या फेरीत चुकलं की नल मिळतो आणि ११ येतो. एकदा क्यू पूर्ण फिरला की खणांमध्ये मागच्या फेरीचे, मोकळे करून झालेले पॉइंटर असतात, तेव्हा चुकलं तर तोच पॉइंटर परत मोकळा होतो आणि जीलिबसी पकडून ६ देतं.

आणि पकडलं नाही तर? ह्या प्रश्नाने मी खरोखर अस्वस्थ झालो. मागच्या फेरीचा पॉइंटर मधल्या काळात मॅलॉकने (मेमरी वाटणाऱ्या फंक्शनने) दुसऱ्या लूमच्या रेकॉर्डला दिलेला असू शकतो. मग क्रॅश नाही, काही नाही, त्या दुसऱ्या लूमचे पिक दोनदा मोजले जातात आणि ज्याचे मोजायचे होते ते गायब. म्हणजे सिस्टमडीने रीस्टार्ट करून झाकलेला क्रॅश हा त्यातल्या त्यात प्रामाणिक प्रकार होता, न पडता चुकलेले आकडे सरळ मजुरीच्या तक्त्यात जात होते.

अंदाज पक्का करायला काही गोष्टी केल्या. टास्कसेट ह्या कमांडने दोन्ही थ्रेड एकाच कोअरला बांधले, क्रॅश थांबला, कारण कोअरला स्वतःचं लिहिणं नेहमी स्वतःच्या क्रमानेच दिसतं. पण एकट्या ह्याच्यावर विसंबू नये, साधी रेसही (दोन थ्रेडांनी एकाच जागेला एकाच वेळी हात लावणं) एका कोअरवर दबते. लॅपटॉपवर क्यूईएमयू ह्या एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एआरएम बायनरी चालवली, कितीही चालवली तरी पडली नाही, आणि पडणारही नव्हती, कारण खाली इंटेलचीच चिप आहे, तिचा कडक क्रम आपोआप मिळतो. पेज साइझचंही तेच, युजर मोडमध्ये खालच्या मशिनचंच ४ केबी मिळतं. एम्युलेटर कंपाइल तपासायला चांगला आहे पण असल्या बगला अजिबात नाही, हे मला ठासून सांगायचंय, कारण "क्यूईएमयूमध्ये टेस्ट केलंय" हेच उत्तर मला सुरुवातीला मिळालं होतं.

मग साठवलेला डेटा परत सोडणारा छोटा प्रोग्राम लिहिला. आधी पूर्ण वेगाने सोडला, क्रॅश जवळजवळ नाहीच. वेग कमी केला, वाचणारा थ्रेड लिहिणाऱ्याच्या अगदी पाठोपाठ राहील इतका, तर काही मिनिटांत पडायला लागला. क्यू भरलेला असला की वाचणारा मागचे, कधीच लिहून झालेले खण वाचतो, तिथे धोका नाही. लोड टेस्ट म्हणजे जास्तीत जास्त लोड असं समजून केली असती तर हा बग लपूनच राहिला असता.

शेवटचा पुरावा इंटेलवरच मिळाला. थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडांमधल्या रेस शोधणारं साधन) लावून तोच कोड लॅपटॉपवर चालवला तर त्याने हेड आणि खण दोन्हींवर डेटा रेस दाखवली, फाइल आणि ओळ नंबरसकट. इंटेलवर कधी पडला नाही पण बग तिथेही होता, पहिल्या दिवसापासून.

दुरुस्ती दोन-चार ओळींची. हेड वाढवताना रिलीज क्रमाचं अॅटॉमिक स्टोअर (अर्धवट न राहणारं लिहिणं), वाचताना अॅक्वायर क्रमाचं अॅटॉमिक लोड. रिलीजमुळे आधी लिहिलेला पॉइंटर आणि रेकॉर्डमधला मजकूर हेडच्या आधी दिसतो, अॅक्वायरमुळे खण हेडच्या नंतरच वाचला जातो. दुसऱ्या बाजूचा, वाचून झालेले खण मोजणारा टेल नावाचा आकडाही तसाच बदलला, नाहीतर खण वाचून व्हायच्या आत लिहिणारा त्यावर नवीन लिहू शकतो. डिसअसेंब्ली (बायनरीतले चिपचे हुकूम) काढून बघितली, एआरएमवर साध्या लोड-स्टोअरच्या जागी एलडीएआर आणि एसटीएलआर हे क्रम पाळणारे हुकूम आले होते. इंटेलच्या बिल्डमध्ये तेच साधे मूव्ह, म्हणजे तिथे वेग कमी व्हायचा प्रश्नच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावतो म्हटलं होतं, तेही चाललं असतं, खरं तर इतक्या कमी डेटाला म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला थांबवून नंतर उठवायची सोय) हेच जास्त सोपं आणि वाचायला सरळ. पण कारखाना चालू होता, कमीत कमी बदल हवा होता.

कमी वेगाने डेटा सोडणारी टेस्ट आता रात्रभर चालली तरी पडली नाही, दोन्ही बोर्डांवर, ४ केबी आणि १६ केबी दोन्ही कर्नलवर. सॅनिटायझरने लॉग फिरवणाऱ्या थ्रेडमध्येही अशीच एक खूण दाखवली, ती कधी पडली नव्हती, तरी त्याच बिल्डमध्ये बदलून घेतली.

मजुरीचा प्रश्न उरला. सुदैवाने काउंटरवर स्वतःचा एकूण पिकचा आकडा दिसतो आणि मास्तर तो पाळी सुटताना वहीत लिहून ठेवतात, जुनी सवय, कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी सोडली नव्हती. बोर्ड बदलल्यापासूनच्या वह्या काढून तक्त्याशी ताळा केला. बहुतेक लूमवर तक्त्यात कमी निघाले, काहींवर थोडे जास्त, म्हणजे दोनदा मोजलेले. मालकांना दाखवलं, त्यांनी वाद न घालता वहीचा आकडा धरला, "ज्याचं कमी आलंय त्याला देऊन टाकू, ज्याचं जास्त गेलंय ते राहू द्या" म्हणाले, आणि पुढच्या हप्त्यात फरक दिला. काउंटरांना आता नुसता वाढलेला आकडा न पाठवता एकूण आकडाही पाठवायला लावलंय, आणि रोज रात्री कलेक्टरची बेरीज त्याच्याशी जुळते का हे तपासून न जुळल्यास मास्तरांच्या मोबाइलवर मेसेज जातो.